मार्थाची खुशाली

“पाव्हणा भाकरी खाईल का?” परातीतून मान वर न काढता आत्याबाईंनी विचारलं.

“खातील. पोट बिघडलंय त्यांचं. हॉटेलातलं तेलकट नको म्हणाले.”

“मग बाजरीची नको. ज्वारीची टाकते, पोटाला हलकी. आन् वरण पातळ. मार्थाचा भाऊ हाय, त्याला काय उपाशी जाऊ द्यायचाय इथून?”

“आत्याबाई, मार्थाचं नावसुद्धा काढायचं नाही. सकाळपासून तीनदा सांगितलं मी.”

“न्हाई काढत, बाई. मी काय कुक्कुलं बाळ हाय?”

त्यांनी हाताला पाणी लावून भाकरी तव्यावर टाकली. मला त्यांचा भरवसा नव्हता, पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं. ज्यांना आणायला विद्यापीठाची गाडी गेली होती, ते कॅल्विन स्टोडार्ड अर्ध्या तासात आमच्या दारात उतरणार होते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माझं सासर मूळचं पैठणकडचं, तिथे सासूला आत्याबाईच म्हणायची पद्धत. मी पुण्याची, त्यामुळे आधी जरा जड गेलं, मग जिभेला ते असं बसलं की आई म्हणायचं मनातसुद्धा येईना. आणि स्टोडार्ड म्हणजे कोण, हे तेव्हाच्या औरंगाबादेत आमच्या इंग्रजी विभागाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. विभागात मात्र त्यांच्या नावानेच लोक खुर्चीत सावरून बसत. जाडजूड कादंबऱ्या, मोठमोठी पारितोषिकं, आमच्या एम. ए.च्या अभ्यासक्रमात एक अख्खा पेपर. अजिंठा बघायला म्हणून ते आले आणि विभागप्रमुखांनी त्यांना गाठून एक व्याख्यान पदरात पाडून घेतलं. त्यांची सरबराई माझ्याकडे आली.

“फक्त एक करा,” प्रमुख म्हणाले होते, “त्या पहिल्या तीन कादंबऱ्यांचा विषय काढू नका. दिल्लीत कुणीतरी काढला तर उठून गेले म्हणे.”

नेमक्या त्याच तीन कादंबऱ्यांनी माझी झोप उडवली होती.

आमच्या ग्रंथालयात कुठल्याशा देणगीतून आलेल्या त्या तीन बारीक प्रती मला धुळीत सापडल्या होत्या. स्टोडार्डांनी त्या पुन्हा कधी छापू दिल्या नव्हत्या. “ते माझं लेखन समजू नका” एवढंच ते मुलाखतींत सांगत. मी त्यावर एका चर्चासत्रात माझा शोधनिबंधही वाचला होता: लेखकाने आपल्या सुरुवातीच्या वास्तववादाचा केलेला त्याग, वगैरे. टाळ्या बऱ्या पडल्या होत्या. पण खरं सांगायचं तर त्या जाड कादंबऱ्यांपेक्षा मला या बारीकच जास्त आवडायच्या. पहिली तर फार. ओढ्याकाठचं एक गाव, हातमोज्यांचा कारखाना, वडील गेल्यावर शाळा सोडून कारखान्यात शिवायला बसलेली मार्था, आणि तिच्या जिवावर शिकणारा धाकटा भाऊ. मी तिचा मराठी अनुवाद करायला घेतला. पुण्याच्या प्रकाशकांना तो पसंत पडला. त्यांनी परवानगी मागितली, तर अमेरिकेहून दोन ओळींचा नकार आला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन सरळ रडले. वाया गेलेल्या कामापेक्षा मार्थाचं वाईट वाटलं होतं. ती पुन्हा त्या धुळीत जाणार होती.

कारण मार्था एव्हाना आमच्या घरातली झाली होती. दुपारी आत्याबाई शेंगा फोडायला बसायच्या आणि मी त्यांना केलेलं प्रकरण वाचून दाखवायची. इंग्रजीचा गंध नाही, मराठीही जेमतेम चौथीपर्यंत. पण त्यांचे हात चालू राहिले की समजायचं, आपलं वाक्य नुसतंच बरोबर आहे. हात थांबले की ते लागलं. मार्था रोज आपला डबा भावाला देते आणि स्वतः पाणी पिऊन कारखान्यातली पाळी काढते, तिथे त्यांचे हात थांबले ते थांबलेच.

“हे मला न्हाई पटलं,” त्या म्हणाल्या. “पोरीनं जेवायला पाहिजे. सांग तिला.”

“पुस्तकात आहे ते, आत्याबाई. कशी सांगू?”

“मग तो भाऊ काय डोळे मिटून खायलाय?”

त्यांना मी शेवटचं प्रकरण तेवढं वाचून दाखवलं नव्हतं. विचारलं की “अजून हात फिरवायचाय” म्हणायची. शेवटच्या प्रकरणात मार्था हिवाळ्यात न्युमोनियाने मरते, आणि भाऊ वेळेवर पोचत नाही. आमच्या घरातही एक मार्था होऊन गेली होती. कावेरी, माझी नणंद. आईच्या हाताखाली शेत आणि घर सांभाळायला तिने शाळा सोडली, म्हणून माझे यजमान इंजिनिअर झाले. ती बावीस-तेविसाव्या वर्षी काविळीने गेली, माझ्या लग्नाच्या आधी. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता, पण आत्याबाईंच्या तोंडून तिचं नाव मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. मला ते प्रकरण वाचायचा धीरच झाला नाही.

गाडी आली. दारातून वाकून आत येताना उंच, सडसडीत, पांढऱ्या भुवयांचे स्टोडार्ड बूट कुठे काढायचे ते विचारत होते. माणूस सभ्य होता, पण गार. आदल्या दिवशी अजिंठ्याला माझ्याशी जेमतेम दहा वाक्यं बोलले असतील. लेण्यातल्या अंधारात मात्र बराच वेळ उभे राहिले. एवढं रंगवून नाव न लिहिता निघून गेले ते लोक शहाणे, असं काहीसं म्हणाले.

आत्याबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. ते आधी गूळ की आधी पाणी या विचारात पडले. मी खूण केली. त्यांनी गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायले आणि पहिल्यांदाच थोडे हसले.

आता आमच्याकडे पाव्हण्याने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला की घरच्यांची खुशाली विचारतात. त्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नाही. न विचारणं म्हणजे पाव्हण्याला दारातच उभं ठेवण्यासारखं. आत्याबाईंनी सत्तर वर्षांत ते कधी चुकवलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, “बरं हाय ना घरी समदं? मार्था कशी हाय?”

मी हातातली ताटं खाली ठेवली.

“काय विचारलं त्यांनी?” स्टोडार्ड इंग्रजीत म्हणाले.

“प्रवास कसा झाला, विचारतायत.”

“नाही.” त्यांचा चेहरा बदलला होता. “त्यांनी मार्था म्हटलं. मी ऐकलं.”

नाव कुठल्याही भाषेत नावच राहतं, त्याला मी काय करणार? मी इंग्रजीची प्राध्यापक. लेखक आणि पात्र यांची गल्लत करू नका, कादंबरीतली बहीण म्हणजे लेखकाची बहीण नव्हे, हे दरवर्षी नव्या मुलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगणारी. आणि माझ्याच घरात, माझ्याच सासूने त्या माणसाला त्याच्या पात्राची तब्येत विचारली होती. आता हे उठून जाणार, परवानगीचं दार कायमचं बंद होणार, उद्या प्रमुख माझी खरडपट्टी काढणार, हे सगळं मला लख्ख दिसलं.

“मला माफ करा,” मी म्हटलं. “मी तुमच्या पहिल्या कादंबरीचा अनुवाद केलाय. परवानगी नाही हे माहीत आहे. यांना वाचून दाखवला. यांना वाटतं की मार्था तुमची खरीखुरी बहीण आहे. त्या विचारतायत, ती कशी आहे.”

ते उठले नाहीत. रिकाम्या तांब्याकडे बघत राहिले.

“चाळीस वर्षं झाली त्या पुस्तकाला,” ते म्हणाले. “लोकांनी मला त्या पात्राबद्दल विचारलं, त्या गावाबद्दल, त्या शैलीबद्दल. ती कशी आहे हे कुणीही विचारलेलं नाही.”

“म्हणजे ती...”

“गावाचं नाव बदललं. ओढ्याचं बदललं. तिचं नाव बदलून पाहिलं, तर पात्र हलेना. तसंच ठेवलं.” मग आत्याबाईंकडे बघत ते मला म्हणाले, “त्यांना सांगा, ती बरी आहे. मला वाटतं, बरी आहे.”

मी सांगितलं.

“वाटतं?” आत्याबाई म्हणाल्या. “सख्ख्या बहिणीचं, आन् वाटतं?”

हेही मी सांगितलं. आता कशाला गाळायचं? स्टोडार्डांनी मला विचारलं, “शेवट वाचून दाखवलात यांना?”

“नाही. जमलं नाही मला.”

“मलाही जमायला नको होतं.” ते सावकाश बोलू लागले आणि मी वाक्यामागून वाक्य मराठीत ठेवत गेले. कादंबरीत शेवटी मार्था मरते. खरी मार्था मेली नव्हती. ती कारखान्यातून येऊन रात्री शिवणकाम करायची, त्यावर हे शिकले, मोठ्या शहरात गेले, आणि मग घरी जाणं होईना. का होईना, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. लाज वाटायची म्हणाले, पण कशाची ते म्हणाले नाहीत. पुस्तक लिहिताना शेवट सुचेना. मग एका सकाळी त्यांनी तिला मारलं आणि पुस्तक एकदम उभं राहिलं. तिने ते छापून आल्यावर वाचलं. त्यांना फोन करून ती म्हणाली, “घरी यायला नको म्हणून मला पुरलंस होय रे?” आणि फोन ठेवला. त्यानंतर पुन्हा बोलणं नाही. म्हणून ती पुस्तकं त्यांनी पुन्हा छापू दिली नाहीत. पहिलं एकटं बंद ठेवलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं, म्हणून तिन्ही.

माझा तो वास्तववादाच्या त्यागाचा शोधनिबंध मला आठवला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

आत्याबाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग जाणार, तेवढ्यात भाकरीची टोपली आणि तुपाची वाटी घेऊन त्या बाहेर आल्या. डोळे कोरडे होते. त्यांनी स्टोडार्डांच्या ताटात भाकरी वाढली, वरणावर तूप सोडलं, आणि मग समोर बसल्या.

“सांग त्याला,” त्या म्हणाल्या. “जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली, तर त्याचं आयुष्य वाढतं. आमच्या चुलत्याची दोनदा उठली व्हती. नव्वदीला गेले. ह्यानं तर पुस्तकात छापली, म्हंजी बहीण शंभरी गाठतीय. त्यात वंगाळ काय न्हाई झालं.”

मी सांगितलं. स्टोडार्ड घास हातात धरून ऐकत होते.

“वंगाळ झालं ते फोन न्हाई केला त्याचं. आधी जेव म्हणावं. मग कर.”

त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. मग मला म्हणाले, “आत्ता तिकडे पहाट असेल. संध्याकाळी इथून फोन लागेल का?”

आमच्या घरचा फोन परदेशी लागत नसे. संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या एसटीडी-आयएसडी बूथवर गेलो. आत्याबाई घरी थांबायला तयार नव्हत्या. “त्यो मधीच पळाला तर?” म्हणाल्या. काचेच्या खोक्यात स्टोडार्ड जेमतेम मावले. नंबर त्यांना कुठे बघावा लागला नाही, पाठ होता. आम्ही बाहेर प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलो. बूथवाल्याने एवढा उंच गोरा माणूस कोण म्हणून विचारलं, तर आत्याबाईंनी “आमच्या मार्थाचा भाऊ” सांगितलं. त्याचं समाधान झालं.

आतलं ऐकू येत नव्हतं. पाठमोरे स्टोडार्ड दिसत होते आणि वर लाल आकडे पळत होते. आधी ते बोलले. मग बराच वेळ नुसतं ऐकत होते. मग काचेला कपाळ टेकलं. माझ्या डोक्यात माझ्या पुस्तकाचा विचार नव्हता असं मी म्हणणार नाही. होता. पण त्या घटकेला मला त्या पलीकडच्या बाईने फोन ठेवू नये एवढंच हवं होतं.

दार उघडलं. स्टोडार्डांनी रिसीव्हर बाहेर धरला. डोळे लाल झाले होते.

“ती विचारतेय, माझी चौकशी करणारी ती बाई कोण. तिला फोन दे म्हणाली.”

आत्याबाई पदर सावरून आत शिरल्या, मागून मी. रिसीव्हर त्यांनी उलटा धरला, मी सरळ केला, आणि दोघींच्या कानांच्या मधे धरून उभी राहिले.

“मार्था?” आत्याबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बूथवाला दचकला. “बरी हायस ना, बाई?”

पलीकडून म्हातारा, खरखरीत आवाज आला. मी तो मराठीत करून सांगू लागले. मार्था विचारत होती, पुस्तकातली मी तुम्हाला आवडले का?

“लई आवडली,” आत्याबाई म्हणाल्या. “पर एक न्हाई आवडलं, सांग तिला. भावाला डबा द्यायचा आन् आपण उपाशी, हे काय शहाणपण? बाईच्या जातीनं आधी पोटाला खावं, मग दुनियेला वाढावं.”

मी सांगितलं. तो खरखरीत आवाज हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला.

“त्यांना सांगा, मी आधी जेवायचे,” मार्था म्हणाली. “रोज. उरलेलं याच्या डब्यात घालायचे. उपाशीबिपाशी याने मनाने लिहिलंय.”

हे मराठीत ऐकल्यावर आत्याबाईंचा चेहरा जो उजळला, तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. “शाहणी हाय गं पोरगी,” त्या मला म्हणाल्या. पोरगी सत्तरीची होती. मग रिसीव्हरमध्ये पुन्हा ओरडल्या, “ह्याला धाडते तिकडं. आल्यावर रागव पाहिजे तेवढी, पर जेवल्यावर.”

घरी परतताना स्टोडार्ड माझ्याशेजारून चालत होते. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, “परवानगी माझी नव्हतीच. म्हणून देता येत नव्हती. आज तिला विचारलं.”

“काय म्हणाल्या?”

“त्या म्हातारीच्या भाषेत छाप म्हणाली. फक्त सुरुवातीला एक ओळ घाल, की मार्था जिवंत आहे आणि ती आधी जेवते.”

ती ओळ आमच्या मराठी आवृत्तीत आहे, अर्पणपत्रिकेच्या जागी. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी तिचे नाना अर्थ लावले, मी काही बोलले नाही.

स्टोडार्ड दुसऱ्या दिवशी गेले. मुंबईहून लंडनला व्याख्यानांना जायचं होतं, ते रद्द करून थेट घरी. मी हस्तलिखित पुन्हा काढलं. दुपारी आत्याबाई शेंगांचं सूप घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “आता वाच ते शेवटचं.”

“कशाला, आत्याबाई? काय होतं ते कळलं ना तुम्हाला.”

“कळलं म्हणून काय झालं? वाच.”

“त्रास होईल.”

“मला कशाचा तरास? ती बरी हाय. मी बोललेय तिच्याशी.”

मी वाचू लागले. पहिली बर्फाची रात्र, मार्थाचा ताप, शेजारीण उशाशी, भावाला गेलेली तार. त्यांचे हात चालू होते. मी घाबरत घाबरत शेवटच्या दोन पानांवर आले. मार्थाला घाम सुटतो, ती भावाचं नाव घेते, मग डब्याबद्दल काहीतरी पुटपुटते. मी थांबले.

“वाच की,” आत्याबाई म्हणाल्या. “खोटं हाय ते.”

मी शेवटपर्यंत वाचलं आणि वर पाहिलं. त्यांचे हात थांबले होते. सूप मांडीवर तसंच होतं. त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघत होत्या, आणि गालावरून पाणी ओघळत होतं, पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

“कावेरीला पण असाच घाम सुटला व्हता,” त्या म्हणाल्या. “पाटंचं. तुला मी कधी सांगितलं न्हाई, न्हाई का?”

“नाही, आत्याबाई.”

त्यांनी सूप बाजूला सारलं आणि सांगायला सुरुवात केली. मी कागद मिटून ठेवले आणि ऐकत बसले.